ओव्हर म्हणेपर्यंत थांबायचं

माझ्या नातवाच्या लेखी ओव्हर म्हणजे सहा चेंडू. सुनेच्या लेखी ओव्हर म्हणजे जास्तीचं. मी भाकरीवर दुसऱ्यांदा तूप मागितलं की ती म्हणते, 'अण्णा, आता ओव्हर होतंय हं.' आमच्या इंग्रजीच्या मास्तरांनी टेबलाच्या वर डस्टर अधांतरी धरून ओव्हर शिकवला होता, तो अर्थ त्यांच्यापाशीच राहिला. मी मात्र या एका शब्दावर आख्खी नोकरी काढली. दिवसातून किती वेळा उच्चारला असेल याची गणती नाही. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ एवढाच: माझं बोलून झालं, आता तुम्ही बोला, मी ऐकतोय.

मी पाटबंधारे खात्यात वायरलेस ऑपरेटर होतो. कागदोपत्री 'बिनतारी संदेश चालक' असं भारदस्त नाव होतं, पण गावात मला कुणी पोलीस समजायचं, कुणी रेडिओ दुरुस्त करणारा. दोघा-तिघांनी तर दिवाळीच्या तोंडावर आपापले बिघडलेले रेडिओ आणून ठेवले होते. त्यातला एक मी दुरुस्तही केला, त्यामुळे गैरसमज वाढला. माझं स्टेशन उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर, पळसदेवच्या अलीकडे एका उघड्या माळावर होतं. एक खोली, तिला लागून राहायची दुसरी, बाहेर उंच लोखंडी खांब, त्यावर एरियल, आत बॅटरीवर चालणारा सेट. खालच्या उतारावर पाण्यात पातळी मोजायची पट्टी उभी केलेली. पट्टी वाचायची, पाऊस मोजायचा आणि आकडे पुण्याच्या कंट्रोलला सांगायचे. नदीच्या वरच्या अंगाला अशीच आणखी स्टेशनं होती. घाटाच्या पायथ्याला पाऊस कोसळला की तिथला माणूस सांगणार, आणि ते पाणी आमच्यापर्यंत यायच्या आत सगळी व्यवस्था लागणार. काम म्हणाल तर सोपं.

सेटवर बोलायची रीत मात्र शिकावी लागते. फोनवर दोघांना एकाच वेळी बोलता येतं, भांडणाराला फारच सोयीचं. वायरलेसवर तसं नसतं. माईकच्या बाजूला एक बटण. ते दाबलं की तुम्ही बोलता, सोडलं की ऐकता. दाबलेलं असेल तोवर तुम्हाला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही. आणि दोघांनी एकदम दाबलं तर नुसती खरखर, कुणाचंच कुणाला कळत नाही. म्हणून आपलं झालं की ओव्हर म्हणायचं आणि बटण सोडायचं. समोरचा ओव्हर म्हणेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही. तो मध्येच थांबला तरी थांबायचं. आकडा शोधत असेल, ठसका लागला असेल. सिनेमातले शिपाई 'ओव्हर अँड आऊट' म्हणतात तेव्हा मला अजून हसू येतं. ओव्हर म्हणजे तुम्ही बोला, आऊट म्हणजे मी चाललो. पाहुण्याला जेवायला बसवायचं आणि ताट उचलून न्यायचं, त्यातली गत.

आमच्यातल्या एकाने एकदा माईक खुंटीवर टांगायच्या ऐवजी खुर्चीत ठेवला आणि वर जेवणाची पिशवी टेकवली. बटण दाबलेलंच राहिलं. मग पाऊण तास साऱ्या खोऱ्याने त्याचं आणि त्याच्या बायकोचं वांग्याच्या भाजीवरून चाललेलं भांडण ऐकलं. कंट्रोलचे साहेब 'चॅनेल सोडा, चॅनेल सोडा' म्हणून ओरडत होते, पण बटण दाबलेल्याला ऐकू कुठून येणार? पुढे वर्षभर कुणीही त्याला आकडे सांगण्याआधी भाजी काय केली ते विचारायचं.

संपादकांनी माझ्याकडे खरं तर पुराच्या आठवणी मागितल्यात. पण पुराचं काय सांगू? पुरात मला करमायचं. तासातासाला हाका यायच्या, जीप यायच्या, अंगणात चहाची पातेली चढायची. कठीण जायचा तो उरलेला काळ. पाऊस सरला की सकाळी एक आकडा, संध्याकाळी एक आकडा. बायको मुलांच्या शाळेसाठी बारामतीला खोली घेऊन राहिलेली, मी पंधरवड्यातून एकदा एसटीने जायचो. बाकी माळावर मी, वारा आणि त्या खांबाच्या ताणलेल्या तारा. संध्याकाळचा आकडा देऊन ओव्हर म्हणायचं, 'मिळाला, आऊट' असं उत्तर यायचं, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नसायचं. खोटं कशाला सांगू, कधीकधी मी उगाच आकडा अस्पष्ट सांगायचो, म्हणजे त्यांना 'पुन्हा सांगा' म्हणावं लागायचं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा तो काळ. एका उन्हाळ्यात आई गेली आणि आबांचं बोलणं थांबलं.

आबा म्हणजे माझे वडील. आमचं घर कन्हेरीचं. आमच्याकडे पूर्वी मेंढरं होती. आबांनी उमेदीची वर्षं त्यांच्यामागे पायी काढली, कळप विकला तो अगदी गुडघे बोलायला लागल्यावर. मुळातच कमी बोलणारे. घरात जे काही सांगायचं ते आईमार्फत. 'तुझा बा म्हणतोय' अशी सुरुवात करून आई दोघांचं बोलायची. माझ्याशी ते थेट बोलल्याचं मला फारसं आठवतच नाही. एक प्रसंग पक्का आठवतो. मला बारामतीला शाळेच्या वसतिगृहात घातलं, त्या दिवशी कळप रस्त्याच्या कडेला उभा करून ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. माझी पत्र्याची पेटी खाली ठेवली, घोंगडी खांद्यावर सारखी केली आणि मेंढरं हाकत निघून गेले. मागे वळून पाहिलं नाही. मी पुढची कितीतरी वर्षं ते वळून न पाहणं मनात धरून होतो.

आई गेल्यावर ते शहरातल्या खोलीत राहीनात, कन्हेरीच्या घरात एकट्याला ठेववेना. मी त्यांना माळावर घेऊन आलो. मला वाटलं, आता दोघं एकमेकांना होऊ. झालं उलटंच. एकटा होतो तेव्हा निदान शांतता माझ्या एकट्याची होती. आता समोरासमोर ताटं घेऊन दोन माणसं बसायची आणि घास चावल्याचा तेवढा आवाज. मी काही विचारलं की 'हूं'. जास्त विचारलं की उठून बाहेर, पाण्याकडे तोंड करून बसायचे.

आता बापूंबद्दल सांगायला हवं. बापू म्हणजे घाटाच्या पायथ्याच्या स्टेशनचे ऑपरेटर. वयाने मोठे, निवृत्तीला आलेले. मी त्यांना कधीही पाहिलं नाही. माझ्यासाठी ते म्हणजे एक घोगरा, मायाळू आवाज. त्यांच्या गावाकडच्या चालीत प्रत्येक वाक्य शेवटी जरा वर जायचं. संध्याकाळचे आकडे झाले, कंट्रोल आऊट झाला की बापू हळूच हाक मारायचे. खासगी बोलायला बंदी होती, पण पाऊस नसताना सगळेच जरा कानाडोळा करायचे.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी बापूंनी विचारलं, "वडील कसे आहेत? ओव्हर."

मी म्हणालो, "आहेत. बोलत नाहीत. ओव्हर."

"जवळ असतील तर माईक द्या. ओव्हर."

आबा दारात बसले होते. मी माईक त्यांच्या तोंडापाशी नेला आणि बटण दाबलं. ते माईककडे नवं जनावर बघावं तसे बघत राहिले. मी बटण सोडलं. बापू म्हणाले, "आबा, रामराम. तुमच्याकडे मेंढरं होती म्हणे? आमच्याकडे पावसात मेंढरू टिकत नाही. तुम्ही पावसाळ्यात काय करायचा? सावकाश सांगा. तुम्ही ओव्हर म्हणेपर्यंत मी मध्ये बोलत नाही. ओव्हर."

मी परत बटण दाबलं. आणि आबा बोलले. पाऊस उघडलेला असतो त्या अंगाला कसं सरकायचं, पाय सडू नयेत म्हणून मुरमाड जमिनीवर कसं बसवायचं, कोणत्या गावचे शेतकरी खतासाठी कळप शेतात बसवून घ्यायला भांडायचे, सगळं. दोन वाक्यांमध्ये बिडी ओढून व्हावी एवढी थांबायची त्यांची चाल. पण बापू थांबले. आईसुद्धा आबांच्या वाक्याच्या मध्ये शिरायची, त्यांचं वाक्य स्वतःच पुरं करायची. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं पुरं होईपर्यंत गप्प बसलं होतं. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ओठांनीच सांगितलं. ते म्हणाले, "वव्हर."

तिथून ते रोजचंच झालं. सूर्य पाण्याकडे झुकला की आबा आत येऊन खुर्चीत बसायचे. बटणाचं त्यांना जमत नव्हतं, बोटं आखडलेली. म्हणून बटण मी धरायचो. ते बोलायला लागले की दाबायचं, वव्हर म्हटलं की सोडायचं. बापलेकांनी असं काम वाटून घेतलेलं.

आणि त्या हातभर अंतरावरून मी माझ्या बापाची ओळख करून घेतली. मला सांगत नव्हते ते. सांगत होते घाटाखालच्या एका न पाहिलेल्या माणसाला. मी नुसता बटणाचा धनी. राग यायचा मला. एका संध्याकाळी बापूंनी त्यांना विचारलं, पोराला शाळेत घातलंत तेव्हा कसं वाटलं.

आबांनी खांद्यावरची घोंगडी सारखी केली. मग म्हणाले, "त्या साली मी मेंढरं लांब न्हेलीच न्हाईत. बारामतीच्या आसपासच बसवली. चारा न्हवता, मेंढरं उपाशी ऱ्हायाची, पर हाललो न्हाय. सांच्याला जायाचो वसतिगृहाच्या कुंपणापाशी. ह्यो खेळत असायचा पोरांत. हसायचा. हाक मारावी वाटायची. पर म्हनलं, पोरं चिडवतील त्येला, मेंढक्याचा पोरगा म्हनून. बगायचो आन् माघारी यायचो. वव्हर."

माझं बोट बटणावर तसंच राहिलं. सोडायचं भानच उरलं नाही. आबांनीच माझा हात हलवला.

बापूंचा आवाज आला, "आबा, हे पोराला कधी सांगितलंत का? ओव्हर."

"न्हाय," आबा म्हणाले. "त्यो इचारत न्हाय. वव्हर."

मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. बटण माझ्या हातात होतं. मी कुठल्या चॅनेलवर काय विचारायला हवं होतं, मला कळेना. त्या रात्रीची भाकरी आम्ही नेहमीसारखीच मुकाट्याने खाल्ली.

उन्हाळा लागता लागता बापू निवृत्त झाले. शेवटच्या संध्याकाळी ते म्हणाले, "आबा, उद्यापासून इथे दुसरा माणूस. आता पोराशी बोलत जा. ओव्हर." मी बटण दाबून धरलं. आबा काहीच बोलले नाहीत. नुसता श्वास वर खाली होत होता, तेवढाच वरच्या खोऱ्यात ऐकू गेला असेल. मी बटण सोडल्यावर बापू म्हणाले, "कळलं, आबा. आऊट." तो आवाज मी पुन्हा ऐकला नाही. नवा माणूस तरुण होता, आकड्याला आकडा देऊन मोकळा व्हायचा. आबा चार संध्याकाळी खुर्चीत येऊन बसले, मग दारातच बसायला लागले, मग पाण्याकडे तोंड.

त्याच सुमाराला पावसाळ्याच्या तयारीसाठी मला हातात धरायचा एक लहान सेट मिळाला होता, पट्टीपाशी उभं राहून तिथूनच पातळी सांगता यावी म्हणून. एका संध्याकाळी पट्टी वाचायला उतारावरून खाली गेलो. पाणी बरंच आटलेलं, लांबवर धरणात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर वर आलेलं. माळावर दारात आबा बसलेले दिसत होते, चेहरा दिसत नव्हता. काय मनात आलं कोण जाणे. कंट्रोल आऊट झालेला होता. मी बटण दाबून म्हणालो, "आबा, मी सुभान बोलतोय, पट्टीपासून. ऐकू येतंय का? ओव्हर."

दारातली आकृती उठली, आत गेली.  मग खरखर, मग ठोकल्यासारखा आवाज, आणि मग, "बटान दोन हातांनी धरलंय. बोल. वव्हर."

मला हसू आलं. मी म्हणालो, "आबा, तुम्ही कुंपणापाशी हाक मारली असती तर मी आलो असतो. ओव्हर."

उत्तर येईना. मला धीर धरवेना, मी परत बटण दाबून बोलायला गेलो आणि नेमके तेव्हाच तेही बोलत होते. सेटमध्ये नुसती खरखर झाली. मी वर गेलो तर माईक खुर्चीत ठेवलेला, आबा घोंगडी पांघरून भिंतीकडे तोंड करून पडलेले. दोन दिवस हूंसुद्धा नाही. शिकवणाराच चुकला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पट्टीपासून मी पुन्हा तेच वाक्य बोललो आणि या वेळी थांबलो. पाण्यावरचे पक्षी उठले, फिरले, परत बसले, तरी थांबलो.

"ठावं हाय आला असतास," आबा म्हणाले. "म्हनून तर न्हाय मारली. मंग तू माज्यासंगं मेंढरामागंच आला असतास, परत गेला नसतास. वव्हर."

पुढची जवळजवळ दोन वर्षं आम्ही बापलेक असे बोललो. रोज संध्याकाळी, मी पट्टीपाशी आणि ते खोलीत. आईचं बोललो, विकलेल्या कळपाचं बोललो. माझ्या मुलांनी काय शिकावं यावर तर एकदा कडाकडा भांडलोही, दर खेपेला ओव्हर म्हणून. मग मी चढ चढून वर यायचो आणि समोरासमोर ताटं घेऊन आम्ही मुकाट्याने जेवायचो. एकमेकांच्या डोळ्यांत बघून त्यातलं एक वाक्यही आम्हाला बोलता येत नव्हतं. मला त्याचं वाईट वाटायचं. आता वाटतं, तेवढं मिळालं हेच फार होतं, कितीतरी घरांत तेही मिळत नाही.

आबा आजारी पडले ते अचानक. बारामतीला दवाखान्यात ठेवलं. माझी धाकटी बहीण हिरा अंथुर्ण्याहून, तिच्या सासरहून आली. त्यांना श्वास पुरत नव्हता, शब्द तर त्याहून नाही. एका दुपारी मी खाटेशेजारी स्टुलावर बसून त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो सोडवून घेतला. हाताने खूण करायला लागले. लांब हो. जा. तिकडे जा.

हिराला रडू फुटलं. "आबा, आसं काय करताय? एकुलता एक ल्योक हाय. त्येला कशाला दूर लोटताय?"

ते परत दाराकडे हात करत राहिले. माझ्या लक्षात आलं. मी हिराला म्हणालो, "लोटत न्हाईत गं. थांब जरा." उठलो, दारापर्यंत गेलो आणि त्यांच्याकडे पाठ करून व्हरांड्याकडे बघत उभा राहिलो. खाली अंगणात कुणाचा तरी डबा सांडला होता आणि एक बाई तो भरत होती.

मागून आबांचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"सुभाना. तुला शाळंत सोडला त्या दिशी मागं वळून बगितलं न्हाय मी. बगितलं असतं तर पाय निगाला नसता. पर सारखं वाटायचं, पाठीवर कायतरी हाय." मग थांबले. श्वास घेतल्याचं ऐकू आलं. "तू बगत व्हतास का?"

आणि पुढे काही नाही.

मी थांबलो. त्यांची थांबायची चाल मला माहीत होती. मध्ये बोललो तर खरखर होते आणि माणूस भिंतीकडे तोंड करतो, हेही शिकलो होतो. त्यांचं आणखी काही सांगायचं राहिलं असेल. जुळवत असतील. खाली त्या बाईने डबा भरला, झाकण लावलं, ती निघून गेली, तरी मी पाठ करून उभा होतो. उत्तर तोंडात तयार होतं. वाट बघत होतो ती फक्त त्या एका शब्दाची.

खांद्यावर हिराचा हात पडला. "दादा," ती म्हणाली, "आता वळ."

पुढे मोबाईल आले, माळावरचा खांब गंजला, आता आकडे म्हणे आपोआप जातात. मी निवृत्त होऊन कन्हेरीला आलो. घरात सगळे एकदम बोलतात, एकमेकांची वाक्यं तोडतात. मी कुणाच्या मध्ये बोलत नाही, तर सुनेला वाटतं, अण्णांना कमी ऐकू येतं. संध्याकाळी उन्हं उतरली की मी शेताच्या बांधावर जाऊन पाठमोरा बसतो. इतक्या वर्षांत तो शब्द काही आला नाही, आणि आता यायचा नाही हे मलाही कळतं. म्हणून नोकरीत फक्त एकदाच मोडलेला तो नियम आज इथे दुसऱ्यांदा मोडतो आणि मध्येच बोलतो.

व्हय, आबा. फाटकाला धरून हुबा व्हतो. मेंढरांचा धुरळा खाली बसंस्तवर तुमच्या पाठीकडंच बगत व्हतो. ओव्हर.